‘अगं थांब, दुसरं राहिलं’ या शब्दांच्या मालकीबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, गणवेशांच्या कारखान्यात चौतीस वर्षे काजे करून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र कोणाच्याही धाकाशिवाय आणि चष्मा लावून लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. थोरल्या बहिणीने तो आधी वाचावा.

१. दोन खोल्यांचे घर भाचीला, म्हणजे ताईच्याच मुलीला. मागची खिडकी खालून बुक्की मारल्याशिवाय उघडत नाही.

२. घरचे शिलाई मशीन कारखान्यात माझ्या जागेवर आलेल्या बाईंना. मुकादमाला काहीही देऊ नये. कारण त्याला ठाऊक आहे.

३. आता मुख्य मालमत्ता. तरुणपणी ताई, मी आणि शेजारच्या मशीनवरची हाडकुळी मैत्रीण टाचणी, अशा तिघी मिळून गायचो. आमची एकच रेकॉर्ड निघाली. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ताईने दुसरे कडवे गाळून थेट तिसऱ्याला हात घातला. मी घाबरून बोलून गेले, "अगं थांब, दुसरं राहिलं." स्टुडिओवाल्याकडे टेप तेवढीच उरली होती, त्यामुळे रेकॉर्ड तशीच बाहेर पडली आणि सपशेल आपटली. "तू गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?" ताई म्हणाली. त्याला एकोणपन्नास वर्षे झाली. तेव्हापासून ती माझ्याशी भाचीमार्फत बोलते, आणि भाची जन्मायच्या आधी तर बोलतच नव्हती.

४. मागल्या वर्षी पाच दाढीवाल्यांच्या एका रॉक बँडने तेच गाणे नव्याने करायला घेतले. परवानगी मागायला आले तेव्हा गायकाने वही उघडली. "मावशी, ते ‘अगं थांब’ कोणत्या सुरात आहे?"

"कुठल्याच नाही रे. ती चूक आहे."

"तरीच तीन आठवडे जमत नाहीये."

शेवटी तो ते किंचाळू लागला. आता कार्यक्रमात ड्रम एकदम थांबतात, हजारो माणसे एका आवाजात माझे वाक्य ओरडतात आणि मग दुसरे कडवे सुरू होते. एकदा बँडने कडवी ओळीने म्हटली, तर लोकांनी चपला फेकल्या.

५. गाणे गाजल्यावर ताईने रेडिओवर मुलाखत दिली. कडवे म्हणे मी गाळले, आणि थांबवले तिने. ते ऐकून माझ्या हातातली कढई पडली. टाचणी आज हयात नाही, आणि असती तरी तिने आम्हा दोघींनाही दुजोरा दिला असता. इतक्या वर्षांत ताईने चारचौघांत माझी आठवण काढली ती पहिल्यांदाच, आणि तीही अशी. मला फार लागले.

६. तरीही त्या शब्दांवरचा माझा सगळा हक्क मी ताईलाच देत आहे. अट एकच. मी जिवंत असताना तिने माझ्या घरी यावे आणि ते शब्द कोणाचे ते माझ्या तोंडावर सांगावे. ती न आल्यास शब्द बँडच्या ड्रमवाल्याला जावेत. तो जेवताना बोलत नाही, म्हणून मला आवडतो.

७. माझ्या अंत्ययात्रेत बँडने हे गाणे वाजवू नये. मला उचलल्यावर कोणी ‘अगं थांब’ ओरडले, तर खांदेकऱ्यांची पंचाईत होईल.

पुरवणी: आज सह्यांच्या वेळी भाचीबरोबर ताई आली. तिने सगळी कलमे वाचली. पाचव्याशी बराच वेळ अडली. मग साक्षीदाराची सही मी करते म्हणाली. साक्षीदाराला या कागदातून काहीही मिळत नाही, सहावे कलम रद्द होईल, असे वकिलांनी तिला दोनदा समजावले. ताई म्हणाली, "कळतंय मला. पेन द्या."

स्थळ: माझ्या घरातले जेवणाचे टेबल
दिनांक: चौदा मार्च, रविवार

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिली: शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई (सही)

साक्षीदार दुसरी: थोरली बहीण (सही, आणि सहीखाली तिच्याच अक्षरात:) कडवं मी गाळलं. थांब म्हणाली ती ही.