बोल्ट वेगळा पाठवतात

एन्टलेबुख
गुरुवार, ७ नोव्हेंबर २०१९

प्रिय ऍग्नेस,

प्रभूची कृपा तुम्हा दोघांवर असो. इकडे ठीक आहे. थंडीने आलोइसचा गुडघा धरलाय. सर्व संतांच्या सणाला आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावली, एक तुझ्या नावाचीही. सफरचंदं यंदा बारीक निघाली, वाळवून टाकीन म्हणते.

हे पत्र फादर लोरेन्झ शाळेच्या स्वयंपाकघरात तुझ्याच हातात देतील. त्यांना मी काही सांगितलेलं नाही. तुझा मोबाइल कामावर बंद असतो, म्हणून तुमच्या घरी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा तुझ्या सिल्वानने उचलला.

आलोइस लष्करातून निघालेल्या जुन्या रायफली इंटरनेटवर लिलावाला लावतो, हे तू जाणतेसच. पुसणं, बांधणं आणि विक्रीच्या करारांची फाइल माझ्याकडे. बंदूक एका पार्सलात जाते आणि बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा पोलादी दांडा, दोन दिवसांनी दुसऱ्या पार्सलात. त्याच्याशिवाय बंदूक म्हणजे नुसती काठी.

या आठवड्यात एक रायफल गेली. करारावर नाव सिल्वानचं.

कागद सगळे चोख आहेत. मार्चमध्ये तो त्या पुलाच्या कठड्यावर चढला होता, याची नोंद कुठल्या कागदावर असणार? ती फक्त तुझ्यामाझ्यात. कोणालाही सांगणार नाही, असं तू मला क्रूसावर हात ठेवून म्हणायला लावलंस.

आलोइसला यातलं काही ठाऊक नाही. तो खूश. म्हणाला, "पोरगं माणसांत यायला लागलं. नेमबाजीच्या क्लबात घालू त्याला. पण मावशी बांधतेय म्हणून टपालखर्च माफ नाही हां." आईला कळवू नका, ती उगाच काळजी करते, असं सिल्वानने त्याला बजावलं होतं म्हणे.

वर मी 'गेली' असं लिहिलं. गेली नाही, मी नेली. मंगळवारी नाव वाचून, दोरीला गाठ मारून, टपालात मीच दिली. आलोइस दारात उभा होता. नको म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. दिलेला शब्द पाळतेय, अशी मनाची समजूत घातली. संध्याकाळी जपमाळ हातात घेतली, पण दहा मण्यांपुढे जाता आलं नाही.

काल फोनवर सिल्वान एवढंच म्हणाला, "मावशी, बोल्ट कधी पाठवतेस?"

आवाज अगदी शांत होता. मार्चमध्ये त्या आठवड्यात होता तसा.

बोल्ट माझ्या एप्रनच्या खिशात आहे. तो मी देणार नाही. त्याने तक्रार केली तरी, आलोइस संतापला तरी. पण ऍग्नेस, बोल्ट सुटेही मिळतात. आम्हीच गेल्या महिन्यात चार विकले.

हे वाचलंस की भांडी तशीच टाक आणि घरी जा. वाटेतच डॉक्टरीणबाईंना फोन कर. त्याच्यावर ओरडू नकोस, नुसती जवळ बस, एकटं सोडू नकोस. आलोइस गाडी घेऊन बाजाराला गेलाय. तो आला की आम्ही निघतोच.

फादर दाराशी थांबलेत.

गाडीत बसल्याबसल्या आलोइसला सगळं सांगणारी, तुला दिलेला शब्द मोडणारी,

तुझी ताई
क्लारा