सबीरबेकची रेघ

१ ऑक्टोबर, मंगळवार
पोचले एकदाची! नारीन गावाच्या टोकाचं हे घर आता माझं, या बुरुलचं. बिश्केकचा फ्लॅट विकला तेव्हा मुलगा हसला होता. म्हणाला, आई, आठवड्यात परत येशील. परत येतंय माझं खेटर!
घरासोबत आधीच्या मालकाचा, सबीरबेक म्हाताऱ्याचा, हवामान मोजायचा संचही मिळाला. अंगणातल्या खांबावर एक डबी, स्वयंपाकघराच्या भिंतीवर दुसरी, आणि दोन्हींची नोंद ठेवणारा संगणक. म्हातारा मार्चमध्ये याच घरात गेला, पुतण्याने सगळं होतं तसं विकून टाकलं. तीस वर्षं भूगोल शिकवलाय मी, मला तर खजिनाच सापडला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
सकाळभर आलेख लावत बसले. बाहेरच्या तापमानाला निळा रंग, आतल्याला केशरी. उभा अक्ष उणे चाळीस ते अधिक पन्नास, कारण इथला जानेवारी म्हणजे चेष्टा नाही. कालावधी सात दिवस.
यादीत तिसरी नोंद होती, बिननावाची. तिच्यावर खूण केली तर रेघ उमटली : अकरा अंश. तिसरी डबी शोधायला माळा, पडवी, कोळशाची खोली पालथी घातली. कुठे काही नाही. तिला मी गुलाबी रंग दिला आणि नाव ठेवलं ‘म्हातारा’. माझं मलाच हसू आलं.

९ ऑक्टोबर, बुधवार
‘म्हातारा’ एकवीसवर. रेघ दोनदा काढून टाकली, दोनदा परत आली. चिडून कालावधीत ‘सगळी नोंद’ निवडलं.
नसतं केलं तर बरं झालं असतं. ही रेघ वर्षानुवर्षं ३६.६ वर सरळ आहे. दोन मार्चला घसरली आणि दिवसभरात घराइतकी गार झाली. मग एक ऑक्टोबरपासून चढायला लागली. म्हणजे मी आले त्या दिवसापासून. ३६.६ म्हणजे जित्या माणसाच्या अंगाची ऊब, हे मला कोणी शिकवायला नको.

१० ऑक्टोबर, गुरुवार
शेजारच्या अनारकान एजेंना, म्हणजे अनारकानताईंना, बोलावून दाखवलं. त्यांनी आलेखाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाल्या, अगं बाई, गुरुवारचे कणकेचे बोरसोक तळलेस का? तापल्या तेलाच्या वासावरच घरातल्या मेलेल्यांचं पोट भरतं. उपाशी ठेवलंस तर समोर दिसेल ते खाईल तो.
मी म्हटलं, एजे, हा माझ्या ना नात्याचा ना गोत्याचा, फुकट्याला मी का पोसू? त्या म्हणाल्या, जीभ आवर, नाहीतर मुलाकडे जा.
जाणार नाही. मुळीच नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार
म्हातारा एकोणतीस. शेगडी लालभडक, तरी माझे हात गार. काखेत थर्मामीटर लावला : ३४.८. घास उतरत नाही.
अक्षाचं वरचं टोक पंचवीसवर आणलं. आता दिसणारच नाही मेला. बस बाहेर!

१६ ऑक्टोबर, बुधवार
अक्ष आपोआप पूर्ववत. तो चौतीस.
आणि चौथी रेघ. एक ऑक्टोबरला ३६.६, तिथून खाली — आज बत्तीस. भ्यायचं कशाला? नाव दिलं. ‘बुरुल’. लाल रंग.
मुलाचा फोन, घ्यायला येऊ का म्हणून. नको म्हटलं. घर माझं आहे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार, दुपार
तळणार. त्याच्यासाठी नाही — माझ्यासाठी. माझ्या चुलीवर, माझ्या तोंडात. बघू दे त्याला.
पीठ मळलं, तुकडे कापले, तेल तापवलं. टम्म फुगले. एक तोंडात घातला — माती. थुंकला.
पण वास. काय वास! किती दिवसांनी पोट भरलं. नुसत्या वासाने. गच्च —
नुसत्या वासाने —
अनारकान एजे आल्या. माझ्या आरपार बघून चुलीपाशी कोणाला तरी म्हणाल्या, बरं केलंत, सबीरबेक अके, त्या बिचाऱ्या बाईला वास दिलात.
कोणीतरी खाकरलं. ताटातला बोरसोक कुरकुरला.
आलेखात गुलाबी ३६.६. लाल —
बघणार नाही. तू जेव हवं तेवढं, म्हाताऱ्या. घर माझं. मी इथून हलणार नाही, आज नाही, कधीच ना—