डिसेंट लग्न

आप्पा, डिसेंट लग्न म्हणजे नेमकं कसलं लग्न? गेल्या रविवारी आईने मला हे विचारलं आणि घरातली पहिली ग्रॅज्युएट असूनही मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

मला बघायला बिबवेवाडीहून पाहुणे आले होते. मुलगा शांत होता, माझ्या कामाबद्दल त्याने मनापासून विचारलं. मग त्याचे वडील म्हणाले, "आम्हाला देणंघेणं काही नको. फक्त लग्न डिसेंट करून द्या." मामाने लगेच मान डोलावली. चहाबरोबर एकेक गोष्ट बाहेर येत गेली: एसी हॉल, दोन्ही वेळची जेवणं, त्यांच्याकडच्या सगळ्यांचा मानपान. मुलगा बशीतल्या पोह्यांकडे बघत राहिला. ते गेल्यावर आई हडपसरची ही खोली विकायची भाषा करू लागली, तुम्ही घेतलेली. मी भडकले तर मामा म्हणतो, "एवढी शिकलीस, आता जरा डिसेंट वाग."

तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते, पण हा शब्द मी तुमच्याकडूनच शिकले. कारखान्यात जायला निघताना तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालायचात आणि आत गेल्यावर तो काढून ठेवायचात. मशीनपाशी कोण बघतंय, असं मी विचारायची. "माणूस कामाला डिसेंट गेला पाहिजे," एवढंच म्हणायचात. एकदा कचरा न्यायला येणाऱ्या मावशींशी मी तोडून बोलले, तर तुम्ही मला दारातच उभं केलंत. "डिसेंट बोल. परत बोल." मी परत बोलले. मावशीच बिचाऱ्या ओशाळल्या.

परवा चिडून शब्दकोश काढला. शब्द मूळचा लॅटिन, अर्थ शोभणे, साजणे. पुढे सभ्य, पुढे अंगभर कपड्यातला, आणि शेवटी नुसतं बऱ्यापैकी: डिसेंट पगार, डिसेंट फ्लॅट. डेकोरेशनही त्याच कुळातलं निघालं. आपल्याकडे त्याला आणखी एक अर्थ आहे, तो कुठल्याच कोशात नाही. जे उघड मागायची लाज वाटते, ते मागायला हा शब्द वापरतात. आपल्याला काय शोभतं, हे त्या बैठकीत एकानेही विचारलं नाही, आणि पाहुणे सगळे शिकलेले होते, आप्पा.

काल जेवणाच्या सुट्टीत मीच त्याच्या वडिलांना फोन करून नकार कळवला. "असले फोन मुलींनी करायचे नसतात," ते म्हणाले. आईला संध्याकाळी सांगितलं. मुलगा मला आवडला होता, हे तिला सांगितलेलं नाही.