मणक्याचं सुतक

अप्पा, बांधावरच्या लिंबाखालचा तुमचा देव मी देऊन टाकला. आधी हेच सांगतो, नाहीतर इकडचं तिकडचं बोलत बसेन. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता माझ्यावर ओरडायला कुणी उरलं नाही. "कामून रं?" एवढं एकदा विचारलं असतं तुम्ही, तरी बरं वाटलं असतं.

तुम्ही तरणे असताना मेंढरं घेऊन चांद्याकडं गेला होता. तिथं ओढ्याकाठी एक लंगडी मेंढी ह्या दगडाला टेकून बसली आणि सकाळी उठून कळपासंगं चालायला लागली, म्हणून तो तुमचा देव झाला, बीरप्पा. घोड्यावर कोकरं होती, म्हणून त्याला घोंगड्यात बांधून स्वतःच्या पाठीवरनं आपल्या गावापर्यंत, खजुरीपर्यंत आणलात. अजून डोळ्यांपुढं आहे, दसरा आलाय, तुम्ही वाटीत तेल-शेंदूर कालवताय, तळव्यानं त्याच्या गोल डोक्याला फासताय, आणि चार बुकं शिकून आलेला मी शेजारी उभा राहून विचारतोय, "अप्पा, ह्यो नुसता दगूडच हाय न्हवं?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "दगूडच हाय. पर पाठीवरनं आणलेल्याला खाली टाकत न्हाईत." मला वाटलं, अप्पा विषय टाळायलेत.

तुमच्यामागं आईनं एक दसरा चुकवला नाही. थरावर थर चढत गेला. यंदा तिचा फोन आला, "देवानं खोळ सोडली, ये." शेंदराचं जाड कवच आपोआप निखळून पडलं होतं. चालीप्रमाणं ते नदीला सोडायचं म्हणून मी हुमनाबादहून गाडी काढून आलो. सोडलंही. पण मी पडलो विज्ञानाचा मास्तर! उघडा देव बघितला आणि राहवेना. एका बाजूला गुळगुळीत गोळा, दुसऱ्या बाजूला खोल वाटी. फोटो काढून गुलबर्ग्याच्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना पाठवला, तर ते रविवारी जीप घेऊन हजर.

सर म्हणाले, हा दगड झालेला मणका आहे, लांब मानेच्या एका अवाढव्य डायनासोरच्या शेपटीतला. ह्याचा गोळा मागच्या मणक्याच्या वाटीत बसायचा, त्याचा त्याच्या मागच्याच्या. मानेतली हाडं मात्र आतून पोकळ, हवेची, म्हणून तर तेवढी मान त्या जनावराला उचलता यायची. मी भान विसरून ऐकत होतो आणि मध्येच फिदीफिदी हसलो, "बघ आई, इतकी वर्सं शेपटीच्या पाया पडलो आपण!" आई हसली नाही. "मेलेल्या जितराबाचं हाड म्हना की," म्हणाली. मग धनगराच्या बायकोनं विचारावं तेच विचारलं, "पिल्लं घालायचं का अंडी?" सर म्हणाले, अंडी. नारळाएवढी. काही ठिकाणी घरटी इतकी जवळजवळ सापडलीत की तेवढ्या अंगाचं जनावर तिथं वळणारसुद्धा नाही. बहुतेक मातीनं झाकायचं आणि निघून जायचं.

"आन् पिल्लांकडं कोन बघायचं?"

"कुणीच नाही, मावशी."

आई चहा आणायला घरात गेली. तेवढ्यात सरांनी अदबीनं विचारलं, "हे आम्हाला कायमचं मिळेल का?" आईला विचारतो, एवढे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. मोठ्या माणसापुढं मला अडाणी दिसायचं नव्हतं ना! "न्या की सर, इथं कुणाच्या कामाचं हाय?" म्हणालो आणि मीच पोत्यात गुंडाळून जीपमध्ये ठेवलं. तुम्ही जे चांद्यापासून पाठीवरनं आणलं, ते मी चहा येईपर्यंत घालवलं. आई कप घेऊन आली, "देव कुठाय?" "तपासून आणतेत परत," मी म्हणालो.

त्याच दिवशी तिनं डोक्यावरनं पाणी घेतलं आणि सुतक धरलं. दिवा नाही, गोडधोड नाही. मी चिडलो, "अगं, कुणाचं सुतक?" "त्येचंच. मेलं तवा लेकरू जवळ न्हवतं. मग धरलं कुनी? आपण त्येच्या नावानं खाल्लं, आपणच धराया पायजे." अप्पा, हे मी शाळेत जाऊन चेष्टेनं सांगितलं. आमच्या आईनं डायनासोरचं सुतक धरलंय म्हणून. सगळे पोट धरून हसले, आणि सगळ्यात मोठ्यानं मी.

दहाव्याला तिनं लिंबाखाली कावळ्याला घास ठेवला. कावळा लगेच शिवला म्हणे. मग वाटीत शेंदूर कालवून झाकून ठेवला. तेव्हापासून फोनवर एकच, "आता मोकळं झालं ते. कवा आणायलास?" हसू कुठल्या कुठं गेलं माझं. स्वतःचीच लाज वाटायला लागली.

शेवटी गुलबर्ग्याला गेलो. बसमध्ये वाक्य घोकत होतो, "सर, आमचा देव परत द्या." सरांच्या कॉलेजातल्या खोलीत कपाटाच्या फळीवर तो धुऊन-पुसून ठेवलेला, बारीक छिद्रांत अजून लाल राहिलेला. सर पोरांना काहीतरी शिकवत होते. दारात मी चप्पल काढली होती, माझं मलाच कळलं नाही. एका विद्यार्थिनीनं माझ्या पायांकडं बघितलं, "काका, इथं चप्पल काढायची गरज नाही." बाकीचे वळून बघायला लागले. सरांनी विचारलं, "काय, कसं येणं केलं?"

"सहज," म्हणालो. "बाजाराला आलतो."

हे पत्र ठेवू तरी कुठं? लिंबाखाली ठेवावं म्हटलं, तर त्या मोकळ्या जागेशेजारी आई बसलेली असते. तिला अजून खरं सांगितलं नाही मी. आणि तुम्हालाही एक सांगायचं राहिलं, अप्पा. ती पोरगी बोलल्यावर, देव समोर दिसत असताना, मी चप्पल पुन्हा पायात घातली.