ओल्डेहूगवर सांडलेले तीन थेंब

रविवार, १३ ऑक्टोबर

पोचलो एकदाचा. हॅम्बर्गहून दोन गाड्या, एक बस आणि मग दीड तास फेरी. फेरीत माझ्याखेरीज अकरा माणसं, दोन कुत्री आणि कुणाचं तरी नवंकोरं वॉशिंग मशीन. ओल्डेहूग बेट साडेचार किलोमीटर लांब आणि वस्ती चारशेच्या आत. समुद्राच्या बंधाऱ्यातल्या पंपघराला नवे सेन्सर बसवायचे आहेत आणि ते काम सहा आठवडे माझ्या गळ्यात पडलंय. बेकरीच्या वर दोन खोल्या मिळाल्यात, सकाळी खालून पावाचा वास येईल. माणसाला आणखी काय हवं?

हवं ते एकच, चांगला बार. हॅम्बर्गच्या मराठी मंडळात मी, हृषिकेश, इंजिनिअर आहे हे निम्म्यांना ठाऊक नसेल, पण चांगलं कॉकटेल कुठे मिळतं हे मलाच विचारायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझी यादी एकशे चौदा बारपर्यंत गेली आहे. ऑफिसातला श्रीरंग निघताना म्हणाला, त्या बेटावर तुला मेंढ्या मिळतील, बार नाही. त्याला तोंडघशी पाडायचं म्हणून ही वही.

आणि एक गंभीर नोंद. गेलं वर्ष माझं आणि कौमुदीचं बरं गेलेलं नाही. मला एका खुर्चीत अर्धा तास बसता येत नाही, एका बारमधून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात जात राहतो, असं तिचं म्हणणं आहे आणि ते खरं आहे. शाळेला हेर्ब्स्टफेरिएन, म्हणजे शरदाची सुट्टी, लागली की २३ तारखेला ती आणि ओवी आठ दिवस इथे येणार आहेत. तिने फार विनवण्या करून घेतल्या. हे आठ दिवस बिघडले तर पुढचं काही सांगता येत नाही, हे दोघांनाही कळतं. ओवी सात वर्षांची आहे, तिला मात्र फक्त सील बघायचे आहेत.

सोमवार, १४ ऑक्टोबर

हॉटेलचा बार बघून आलो. मोहितोत पुदिन्याच्या जागी पार्सली होती, म्हणून घोटही न घेता ठेवून दिला. वेटरला विचारलं, तर तो म्हणाला, हिरवंच आहे ना. श्रीरंग जिंकतो की काय!

मंगळवार, १५ ऑक्टोबर

नाही जिंकला!

बंधाऱ्याच्या पायथ्याशी एक बुटकं घर आहे, ‘एबे’ नावाचं. एबे म्हणजे ओहोटी. दारावर उघडण्याच्या वेळांऐवजी भरती-ओहोटीचं कोष्टक लावलंय. पाणी उतरलं की बार उघडतो, चढू लागलं की बंद. आज सकाळी साडेअकराला उघडला. मालकीण वीबके, साठीची, बोलायला काटकसरी. तिने समोर ठेवलं ते सांडडोर्नचं सावर, म्हणजे आंबट कॉकटेल. सांडडोर्न म्हणजे इथल्या वाळूत होणारी आंबट, नारिंगी फळं. त्यात शहाजिऱ्याची दारू, अंड्याच्या पांढऱ्याचा दाट फेस आणि वर समुद्राच्या मिठाची चिमूट. पहिल्या घोटाला मी डोळेच मिटले. एकशे चौदांत पहिल्या पाचात.

गंमत म्हणजे इथे प्रत्येक ग्लास खोलगट बशीत देतात. एक थेंब बाहेर पडला तरी बशीत पडावा अशी व्यवस्था. मला ती फार नजाकतीची वाटली.

अर्थात पहिल्या घोटाआधी माझा नेम झालाच. बोट बुडवायचं आणि तीन थेंब जमिनीवर शिंपडायचे. हे मला शरदचंद्रकाकांनी शिकवलं. पहिलं जमिनीला, मग आपल्याला, असं ते म्हणायचे, आणि ते गेल्यापासून मी एकदाही चुकलेलो नाही. शेजारच्या टेबलावरचे दोन म्हातारे बोलता बोलता थांबले. परदेशी माणूस दारूत बोट घालतो म्हणून असेल. वीबके तेव्हा आत बर्फ फोडत होती.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

पंपघराचं काम सुरळीत आहे. दुपारी दुसरा बार सापडला, जुन्या बचावबोटीच्या शेडमध्ये. छताला अजून वल्ही टांगलेली. बारमन हारो, दाढीवाला, तरुण. मी एकटाच गिऱ्हाईक होतो. एक निग्रोनी मागितली, त्याने चार आणून ठेवल्या.

मी म्हटलं, एकच. तो माझ्या टेबलाकडे बघत राहिला, मग म्हणाला की आपल्याला वाटलं तुम्ही चौघं आत आलात. ओशाळून त्याने तीन ग्लास परत नेले. मी हसलो, खाली लाकडी फळ्या म्हणून तीन थेंब बशीतच सोडले, आणि यादीत लिहिलं, निग्रोनी उत्तम, बारमनने चष्मा लावावा.

निघताना पाहिलं तर माझ्या टेबलाभोवतीच्या तिन्ही खुर्च्या ओल्या होत्या. छत गळत असणार. पाऊस मात्र तीन दिवसांत पडलेला नाही.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

आज बेकरीवाल्या बाईने चार पाव बांधून दिले. मी एक मागितला होता.

जिन्यावर पाणी सांडलंय. तळवे उमटलेले नाहीत, नुसते ओले पट्टे, प्रत्येक पायरीवर तीन, माझ्या दारापर्यंत. खाली विचारलं. जिना सकाळीच पुसला, म्हणाली. खोलीला ओल्या चिखलाचा वास येतोय, ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या तळाला येतो तसा. खिडकी उघडली तरी जात नाही.

मन कशात लागेना, म्हणून बाहेर पडलो. हॉटेल, शेड, परत हॉटेल. कुठेच बसवेना. कॉफी घेतली आणि तशीच ठेवून उठलो. उठलो तशा मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. वळून बघायचं धाडस झालं नाही, हे इथे लिहून टाकतो. मी घाबरलोय.

रविवार, २० ऑक्टोबर

ओहोटी पहाटे साडेतीनलाच लागली होती, म्हणून सकाळीच ‘एबे’त गेलो. वीबकेने मला दारातच अडवलं. मग माझ्या मागे पाहिलं, आणि बाजूला झाली, एका माणसाला लागते त्याहून जास्त जागा करून. त्या दोन म्हाताऱ्यांनी तिला माझ्या थेंबांचं सांगितलं होतं.

तिने सांगितलं ते जसं कळलं तसं लिहितो. हे घर जुन्या खानावळीवर बांधलेलं आहे. तीनशे वर्षांपूर्वी एका रात्रीत समुद्र चढला आणि खानावळ आतल्या माणसांसकट चिखलात गेली. ती माणसं खालीच आहेत. बेटावर कुणी जमिनीवर दारू सांडत नाही, म्हणून त्या बशा. सांडली की ती त्यांना आमंत्रण असते. जितके थेंब, तितके पाहुणे. पाजणाऱ्याचं ते काही वाकडं करत नाहीत. सभ्य माणसं आहेत, म्हणाली. फक्त खाल्ल्याप्यालेल्याची परतफेड केल्याखेरीज राहत नाहीत. तेही बोलावतात, आपल्या घरी.

तिच्या लहानपणी एका उन्हाळी पाहुण्याने शॅम्पेन उडवली होती. चौघांचं कुटुंब. त्यांची गाडी पलीकडच्या काठावर वसंतापर्यंत उभी होती.

मी हसायचा प्रयत्न केला. तिने विचारलं, “तीन थेंब दिलेस, तीन जण आले. आता ते तिघांना बोलावतील. तुझ्या घरात किती माणसं आहेत?”

तिघं, मी म्हटलं. तुझ्या माणसांना इथे येऊ देऊ नकोस, एवढंच म्हणाली. तिघं पुरे झाल्याशिवाय ते कुणाला नेत नाहीत.

सोमवार, २१ ऑक्टोबर

कौमुदीला फोन केला. खरं सांगायला तोंड उघडलं आणि ते किती खुळचट वाटेल ते कळलं. तिने थेट विचारलं, आज किती ग्लास झाले? एकही नाही, शपथ. मग मी ती चूक केली. ताप आलाय म्हणालो, ओवीला लागेल, येऊ नका.

मला वाटलं होतं, सुटलो. पण तिचा आवाज एकदम मऊ झाला. वर्षभरात ऐकला नव्हता इतका. म्हणाली, एकटा पडून राहिलायस का तिथे, आम्ही येतोच, मऊ भाताचे तांदूळ घेते, मेतकूट घेते. तिने काळजी करावी म्हणून मी वर्षभर तडफडलो, आणि मिळाली ती आज.

परत फोन केला. ताप खोटा होता म्हणालो. मग ती म्हणाली, आता तर मी येऊन बघणारच.

टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला होता. लिहिताना रिकामा झाला. मी प्यायलो नाही.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

देवा, आभार मानतो तुझे. फेरी रद्द!

पूर्वेचा वारा सुटलाय, त्याने पाणी समुद्राकडे ढकललं, खाडीत बोटीला पुरेल एवढं पाणीच नाही. उद्याचीही रद्द, परवाचंही सांगता येत नाही म्हणतात. कौमुदी आणि ओवी एक दिवस आधीच निघाल्या, त्या पलीकडच्या काठावर पेन्झिओनमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, उतरल्यात. मी म्हटलं, परत जा, मी येतो, नोकरी गेली खड्ड्यात. सकाळी बघू म्हणाली. ओवीने रबरी बूट घातलेला फोटो पाठवलाय.

आज पहिल्यांदा खोलीतला वास गेला. जिना कोरडा. खुर्ची एकही हलली नाही.

गेले ते.

संध्याकाळी बंधाऱ्यावर वीबके भेटली. तिला सांगितलं, गेले म्हणून. तिला आनंद झाला नाही. कुठे गेले, असं विचारलं.

बुधवार, २३ ऑक्टोबर

१०.४० — पाणी इतकं उतरलंय की पलीकडच्या काठापर्यंत नुसता चिखल. लोक उन्हाळ्यात हे अंतर चालत येतात, वाटाड्या घेऊन. तीन तास लागतात. कौमुदी फोन उचलत नाही.

११.०५ — हारो म्हणतो, आज वाटाड्या कुणीच नाही. एकही नाही. दोनदा विचारलं.

११.३० — तिचा निरोप आला. सकाळी सव्वानऊला पाठवलेला, आत्ता पोचला.

“तू पाठवलेली माणसं भेटली. तिघं आहेत, फार बोलत नाहीत, पण ओवीचा हात किती जपून धरलाय. ताप खरा असो वा खोटा, तू माणसं पाठवलीस, म्हणजे तुला आम्ही यायला हवं होतं. चालत येतोय. राग गेला माझा.”

मी कुणालाही पाठवलं नाही.

११.४५ — बंधाऱ्यावर. फोन लागत नाही. बचावदलाला वीबकेने कळवलं. हेलिकॉप्टरला चाळीस मिनिटं.

११.५२ — दिसतायत. पाच. पिवळं जाकीट कौमुदीचं. छोटी लाल टोपी — आणि तीन काळी, उंच — दोघींच्या पुढे एक, बाजूला दोन — पावलं पडतात पण चिखल उडत नाही —

१२.०४ — वारा पडला. भरती लागली. नाल्यांतून पाणी भरतंय, मागून, त्यांच्या मागून. त्यांना ते दिसत नसणार.

१२.०९ — थांबले.

बेटापासून चारशे मीटरवर. मधोमध उभे आहेत. का थांबले? कौमुदी पुढे यायला बघते, ओवीला ओढते, ओवी हलत नाही, तिचा हात धरलेला आहे — तिघांची तोंडं माझ्याकडे.

दोन झाली त्यांची. तिसऱ्याची वाट बघतायत.

१२.१२ — वीबके म्हणते, जाऊ नकोस. मी विचारलं, न गेलो तर सोडतील का त्यांना? ती म्हणाली, “न गेलास तर ते थांबून राहतील. पाणी थांबणार नाही.”

१२.१४ — ओवीच्या बुटांपर्यंत आलं. कौमुदीने तिला उचललं, पण तो हात अजून — तो सोडत नाही —

हेलिकॉप्टरचा आवाज नाही. काहीच आवाज नाही.

बूट काढले. वही वीबकेकडे देतोय, ती बाही सोडत नाही, लिहू दे म्हणालो, एवढंच लिहू दे — मी तिथे पोचलो की तिघं पुरे होतात, हे मला कळतंय. न पोचलो तर त्या दोघी एकट्या. वर्षभर मी कुठेच बसलो नाही त्यांच्याजवळ. कौमुदी, मी निघालो, तुझ्याकडेच बघत येतोय, तू ओवीचा हात सोडू —