डोमेन माझ्या नावावर

४ मार्च, सोमवार

कुरळ्याला सांगितलं तिनं! मला नाही – कुरळ्याला! नवरा डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटची नावं विकणाऱ्या कंपनीत. कुणाची वेबसाइट उघडत नाही, कुणाचे मेल पोचत नाहीत – सगळे माझ्याच गळ्यात. कुठलं नाव कुठल्या मशीनकडे जातं त्याच्या नोंदी, म्हणजे डीएनएस – दिवसभर लोकांचं तेच तपासतो मी. आणि घरच्या वेबसाइटला बाहेरचा माणूस.

जेवताना सहज बोलल्यासारखं सांगून टाकलं. नवी वेबसाइट कुरळ्या करतोय म्हणे. आई लगेच, बरं झालं बाई, हुशार आहे तो. मी पाणी प्यायलो.

५ मार्च

कुरळ्या म्हणजे तिचा कॉलेजातला मित्र. डोक्यावर घरटं. हसला की शेजाऱ्यांना कळतं.

वेबसाइट तिच्या पोहण्याच्या वर्गांची. पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांना शिकवते. शाळेतली नोकरी सोडून यात पडलीय. नव्या तुकडीचे प्रवेश अठराला संध्याकाळी उघडणार – सगळे वेबसाइटवरूनच. तुकडी भरली नाही तर तलाववाले ती वेळ दुसऱ्याला देणार. मग पुन्हा शाळेच्या दारात उभं राहायचं. हे ती बोलत नाही, पण झोपेत कूस बदलत असते.

अशा वेळी तर मला विचारायचं ना!

७ मार्च

विचारलंच शेवटी. कपड्यांच्या घड्या घालत होती, मान वर न करता म्हणाली –

“तुला दोनदा सांगितलं होतं. तू म्हणालास, तिकीट टाक.”

आमच्या ऑफिसात असंच असतं. गिऱ्हाईक तक्रार लिहून पाठवतं, तिला नंबर पडतो, ती रांगेत लागते. ते तिकीट. अहो, पण गंमत होती ती! बायकोशी माणसानं गंमतही करू नये?

“गंमत होती,” म्हटलं.

“मग वेबसाइटचं कधी केलंस?”

उठलो आणि उगाच गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. सकाळीच घातलेलं होतं.

८ मार्च

काही नाही. डोकं दुखतंय.

११ मार्च, सोमवार

आज आमच्याच हॉलमध्ये बसले होते दोघं. एकच लॅपटॉप, दोन डोकी. तो तिला ‘मासोळी’ म्हणतो. कॉलेजपासून म्हणे. मला माहीतच नव्हतं! मी तिला काय म्हणतो? अगं. नुसतं अगं.

वर मला विचारतो, “दादा, वेबसाइटची नोंद आता नव्या सर्व्हरकडे वळवतो. चालेल ना?” दादा! माझ्याच वयाचा घोडा. तुझं तू बघ, म्हटलं आणि आत गेलो. आत कान भिंतीलाच होते.

१२ मार्च

ऑफिसात गेल्या गेल्या तिच्या डोमेनच्या नोंदी तपासल्या. नाव टाकल्यावर कुठल्या मशीनकडे जायचं ती नोंद – बरोबर, नव्या सर्व्हरकडे. मेलच्या नोंदी – जागच्या जागी. नेमसर्व्हर – ठीक. भल्याभल्यांचं इथं हसं होतं. याची एक चूक नाही.

एखादी असती तर किती बरं वाटलं असतं!

१४ मार्च

आईनं नवी वेबसाइट फोनवर पाहिली. शेजारणीलाही दाखवली. जुनी मी केली होती, लग्नानंतर लगेच. ती कुणाला दाखवल्याचं आठवत नाही. तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोललो काय – छान आहे.

१८ मार्च, सोमवार

केलं.

डोमेन माझ्या नावावर आहे. मी घेतलेलं, आमच्याच कंपनीतून. पासवर्ड मलाही माहीत आहे. दुपारी सगळे जेवायला उठले, मी बसून राहिलो. ती एक नोंद परत जुन्या सर्व्हरकडे फिरवली. एवढंच. कुणाचं काही नेलं नाही. संध्याकाळी जरा धांदल उडेल, कुरळ्याची जिरेल, मग मी नीट करीन.

(रात्री) झालं तसंच. लोक प्रवेश घ्यायला आले तर समोर माझी जुनी वेबसाइट – ‘प्रवेश बंद आहेत.’ तिच्या फोनला उसंत नाही. कुरळ्या धावत आला. माझ्याकडून सगळं बरोबर होतं, बरोबर होतं, एकच घोकत होता. हसू कुठच्या कुठे पळालं होतं. ती नखं खात होती – लग्नाआधी सोडलेली सवय.

तेव्हा मी उठलो. बघू, म्हटलं. दोन-चार बटणं. थोड्या वेळात नवी वेबसाइट दिसायला लागली. आई म्हणाली, शेवटी घरचं माणूसच कामाला येतं. किती गोड वाटलं ते!

तुकडी अर्धीच भरली पण. बाकीचे गेले निघून.

कुरळ्या गेल्यावर तिनं विचारलं, “हे असं आपोआप बदलतं?”

गिऱ्हाइकांना मी रोज सांगतो – आपोआप काही बदलत नाही, कुणीतरी हात लावलेला असतो. तिला म्हणालो,

“बदलतं कधीकधी.”

१९ मार्च

ती बोलतेय. चहा घेतोस का, उशीर होईल का, सगळं नेहमीसारखं. एकदाच विचारलं, पासवर्ड कुणाकुणाकडे आहे? आपल्या तिघांकडे, म्हटलं. बरं, म्हणाली.

कुठल्या नोंदीत कुणी कधी बदल केला, ते सगळं खात्यात दिसतं. ते कसं पाहायचं हे कुरळ्याला माहीत असेल? असणारच.

२० मार्च

तलाववाल्यांनी संध्याकाळची वेळ काढून घेतली. शाळेतल्या जुन्या बाईंना तिनं फोन केला. दार लावून.

सांगून टाकावं का? उद्या सांगतो.

२१ मार्च, गुरुवार

सांगायचं राहिलं. सकाळी आमच्या वरिष्ठ बाईंनी एक तिकीट माझ्याकडे ढकललं. आडनाव तुझंच दिसतंय, म्हणाल्या, ओळखीतलं का?

तिचं होतं. डोमेनचा मालक बदलून हवाय – माझ्या नावावरून तिच्या नावावर. जुन्या मालकाची संमती लागेल.

कारणाच्या रकान्यात तिनं एकच ओळ लिहिलीय – ‘सध्याच्या मालकाकडे नोंदी आपोआप बदलतात.’