परातीच्या मापाची जाळी

धुळे, शनिवार, ११ नोव्हेंबर १९८९

कुसुम माधव भामरे, तुझी परात माझ्याबरोबर जळगावला येत आहे.

तेथील नव्या घरातले सिंक लहान. परात कोणास तरी देऊन टाका, असे आपल्या कन्येचे मत. म्हणून भांडी निथळण्याची जाळी घेण्यास भांड्यांच्या दुकानात परातच घेऊन गेलो. शेटजींनी ती सरळ तराजूत ठेवली! "मोडीत घालायची ना, भाऊ?"

"मुळीच नाही. ही मावेल अशी जाळी दाखवा."

"लोक सिंकचं माप आणतात, भाऊ! तुम्ही तर परातीला स्थळ बघायला निघाले!"

मीही हसलो. तू गेल्यावर किती महिन्यांनी? भिंतीवर टांगायची जाळी मिळाली. परात तीत उभी राहते. एकट्याला परात कशाला? भाकरी थापायला शिकेन म्हणतो.

घराला कुलूप लावले. किल्ल्या घरमालक नानांना परत केल्या. परात काखेत होती.